लिव्हरसाठी काढा घेऊ का? वाचकांचे प्रश्न

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलंय, भावाला टीबीची औषधं सुरू आहेत, एसजीपीटी (लिव्हरची रक्तातली टेस्ट) 90 आलाय, शेजारच्या काकू म्हणतात गोळ्या थांबवून भुईआवळ्याचा रस द्या. बरोबर आहे का?

ताई, गोळ्या स्वतःहून अजिबात थांबवू नका. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात हे खरंय, पण मधेच बंद केली की टीबी औषधांना दाद देईनासा होतो आणि मग उपचार कितीतरी कठीण. लक्षणं नसतील तर नॉर्मलच्या दुप्पट एसजीपीटीवर सहसा गोळ्या चालू ठेवून टेस्ट परत करतात. उलट्या, भूक मेलेली, लघवी गडद, डोळे पिवळे यातलं काहीही दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे, वाट बघायची नाही, मग ते औषधं थांबवून एकेक करून परत सुरू करतात. आणि हो, भाऊ दारू घेत असेल तर ती आधी बंद.

भुईआवळा, कुटकी, काळमेघ यांच्यावर उंदरांमध्ये भरपूर काम झालंय, कुटकीपासून तर लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध-संशोधन संस्थेने पिक्रोलिव्ह नावाचा अर्क बनवला. पण त्या प्रयोगांत बऱ्याचदा अर्क आधी देतात आणि विष नंतर, आणि अर्काचं प्रमाणही ठरलेलं असतं, घरी वाटलेल्या रसात ते कुठून येणार?

नौपाड्यातले एक काका गुडघ्यासाठी रोज पॅरासिटामॉल घेतात, सोबत मिल्क थिसल या वनस्पतीची कॅप्सूल घेतली की सेफ का, असं विचारतात.

नाही काका. पॅरासिटामॉलचा थोडा भाग लिव्हरमध्ये एका घातक पदार्थात बदलतो, ग्लुटाथायोन हे शरीरातलंच रसायन त्याला निकामी करतं, डोस जास्त झाला की ग्लुटाथायोन संपतं आणि पेशी मरायला लागतात. त्यावरचा खरा उतारा एन-अॅसिटिलसिस्टीन, तो हॉस्पिटलमध्येच देतात. मिल्क थिसलमधलं सिलिबिनिन विषारी मशरूम खाल्लेल्यांना शिरेतून देतात, पण म्हणून कॅप्सूल घेऊन गोळ्या वाढवायच्या असं होत नाही. निरोगी माणसाला दिवसाची हद्द 4 ग्रॅम, म्हणजे 650च्या 6 गोळ्या, आणि सर्दीच्या गोळ्यांत पण पॅरासिटामॉल असतं ते यातच मोजा. रोज लागत असेल तर डॉक्टरांना विचारून डोस ठरवा.

खारघरहून: थायरॉइड आहे, कोविडपासून रोज गुळवेल घेते, चालेल ना?

बंद करा आणि एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून घ्या, प्लीज. 2020 मध्ये मुंबईतच गुळवेल घेणाऱ्या 6 जणांना लिव्हरचा त्रास झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय, त्यातल्या काहींना थायरॉइडसारखे आजार आधीपासून होते. गुळवेल या लोकांची इम्युनिटी भलत्या दिशेने भडकवते असं त्यांचं म्हणणं. आयुष मंत्रालयाने दुसऱ्याच वेलीची गल्लत झाली असेल असं म्हटलं, पण तुमच्या पावडरमध्ये नक्की कुठली वेल आहे हे घरी कसं ओळखणार?

वाशीहून: हळदीच्या कॅप्सूल?

भाजीतली हळद बिनधास्त खा. कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालून शोषण वाढवतात, अशा कॅप्सूलनी लिव्हर सुजल्याच्या केसेस आहेत. घेतच असाल तर पुढच्या अपॉइंटमेंटला बाटली सोबत न्या.