बाग कोणती लावायची, त्याआधीचा प्रश्न

शेतकरी कुटुंबं माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात तेव्हा बहुतेकांची काळजी एकच असते. "आमच्यानंतर या शेतीचं काय? पुढच्या वीस वर्षांचं काहीतरी ठरवायचं म्हणून बसतो आणि अर्ध्या तासात भांडून उठतो." कुठं ऊस असतो, कुठं डाळिंब, कुठं द्राक्ष. एका घराची हकिगत सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातलं घर. अकरा एकर जमीन, त्यात सात एकर द्राक्षबाग. फोन सुनेनं केला होता. "मॅडम, सासरे आणि हे एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप माझ्याकडून जातात." वाद थॉमसन या द्राक्षवाणाच्या चार एकर जुन्या बागेचा होता. बाग सतरा वर्षांची झाली होती, घड कमी निघत होते, काडी बारीक पडत होती. थोरल्याला, म्हणजे सुनेच्या नवऱ्याला, ती तोडून नव्या पेटंट वाणाची रंगीत द्राक्षं लावायची होती, वर प्लास्टिकचं आच्छादन. नाना, म्हणजे सासरे, म्हणत, बाग अजून घर चालवते आहे, तिला हात लावायचा नाही. धाकटा पुण्यात नोकरीला. तो म्हणे, दोघंही चुकता आहात, थोडी जमीन विकून मोकळे व्हा.

आषाढ संपता संपता आम्ही पहिल्यांदा बसलो. काढणीच्या दिवसांत किंवा फळासाठीच्या गोडी छाटणीच्या तोंडावर मी द्राक्षवाल्यांना बोलावत नाही. डोक्यावर मजुरांची टोळी, व्यापारी आणि डाऊनी रोग असताना माणूस फक्त आजचं बोलतो.

त्या बैठकीत नाना 2010 च्या हंगामाबद्दल बोलले. त्या वर्षी क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्यामुळे आपल्याकडचे द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. नानांचाही माल त्यात होता. पैसे आले नाहीत, सोसायटीचं कर्ज थकलं आणि पत्नीचे दागिने गेले. थोरला तेव्हा बावीस वर्षांचा होता, त्याला यातलं निम्मंही माहीत नव्हतं. म्हणजे मुलगा 'नवा वाण' म्हणायचा तेव्हा बापाला 'नवं कर्ज' ऐकू यायचं. हे पंधरा वर्षांत त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

दुसरी गोष्ट थोरल्याकडून आली, बैठक संपता संपता. सदतीस वर्षांचा हा माणूस पहाटे पाचला फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत असतो, आणि त्याच्या नावावर खातं होतं पण त्यात पैसे नव्हते. द्राक्षविक्रीचे पैसे वडिलांच्या खात्यात, औषध दुकानाची उधारी वडिलांच्या नावावर. "पोरीच्या सहलीचे पैसे मागायला मला नानांसमोर उभं राहावं लागतं," तो म्हणाला. नाना दुखावले. त्यांच्या मनात कधी नाही म्हणायचं नव्हतंच. पण मागावं लागणं हेच त्याचं दुखणं होतं.

माझं ठाम मत असं की जिथं घरात राबणाऱ्या माणसाला ठरलेला मोबदला नाही, तिथं वीस वर्षांचं स्वप्न रंगवायला बसूच नये. ज्याचा या महिन्याचा हिशेब त्याच्या हातात नाही, तो पुढच्या पिढीचा हिशेब मनापासून करणार कसा?

दुसऱ्या वेळी मी एक मोठा कागद भिंतीला लावला. डाव्या बाजूला घरातल्या सगळ्यांची नावं, वर वर्षं. प्रत्येकानं आपलं वय स्वतःच्या हातानं लिहायचं. द्राक्षाच्या घरात हे फार उपयोगी पडतं, कारण बागेला स्वतःचं आयुष्य असतं. जानेवारीत जंगली खुंट लावायचे, पावसाळा सरता सरता कलम भरायचं, साधारण दोन वर्षांनी पहिलं पीक, आणि पुढं बारा-पंधरा वर्षं ती नीट चालते. आज लावलेली बाग ज्या वर्षी थकेल, त्या वर्षी घरात कोण किती वर्षांचं असेल?

2041 च्या रकान्यात नानांनी 80 लिहिलं. आईनं 75. थोरला 53, सून 49, धाकटा 47. नातीनं उठून स्वतःचं 28 लिहिलं, तिच्या लहान भावाचं 24. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग नानाच म्हणाले, "म्हणजे ही बाग मी लावायचीच नाही. ही यानं लावायची." आणि लगेच पुढं, हलक्या आवाजात, "पण मग मी सकाळी उठून जायचं कुठं?"

अशा घरांत हा प्रश्न जवळजवळ नेहमी असतो, आणि तो वाणाच्या, कर्जाच्या, बाजारभावाच्या वादाखाली दबलेला असतो. बाप अडून बसतो तेव्हा त्याला सत्तेचा लोभ आहे असं मुलांना वाटतं. मला दिसतो तो चाळीस वर्षं एकाच कामानं ओळखला गेलेला माणूस. त्याला हात काढून घे म्हणताना, कुठं घाल हेही सांगावं लागतं. नानांची खरी ताकद सौद्यात होती. कोणता व्यापारी रोखीनं देतो, कोण शेवटच्या पेट्या उचलून गायब होतो, हे त्यांना वीस गावांचं ठाऊक होतं, आणि थोरल्याला त्यातलं फारसं येत नव्हतं. तेव्हा असं ठरलं की दोन हंगाम सौदा नाना करतील, थोरला शेजारी बसेल, मध्ये बोलणार नाही. फवारणी, छाटणी, मजूर हे सगळं थोरल्याचं, त्यात नाना बोलणार नाहीत. ही दुसरी अट नानांना जास्त जड गेली.

सुनेशी मी वेगळी बोलले. निर्यातीसाठी कोणतं औषध कधी, किती मारलं याची नोंद ठेवावी लागते. ती वही सात वर्षं तीच लिहीत होती. मजुरी, खतं, डिझेलही त्याच वहीत. कोणत्या प्लॉटनं किती कमावलं हे घरात फक्त तिला सांगता येत होतं आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनं पुढच्या बैठकीत ती वही उघडली. जुन्या चार एकरांपैकी विहिरीकडचे दोन एकर अजून खर्च भागवून थोडं उरवत होते, ओढ्याकडचे दोन तीन वर्षं तोट्यात होते. बापलेक दोघंही आपापल्या परीनं बरोबर निघाले. ओढ्याकडचे दोन तोडायचे, विहिरीकडचे ठेवायचे, आणि नव्या बागेचं पहिलं पीक हाती आल्याशिवाय पुढच्या दोन एकरांना हात लावायचा नाही. कर्जाचा आकडाही तिनंच मांडला, आणि त्यापुढचं कर्ज सगळ्यांच्या संमतीशिवाय नाही असं लिहून ठेवलं. दरमहा ठरलेली रक्कम थोरल्याच्या खात्यात आणि तिच्या खात्यात, वेगवेगळी.

नानांच्या लेकीचं नाव त्या कागदावर सुरुवातीला नव्हतं. "ती सिन्नरला दिली," आई म्हणाली. मी तिला फोनवर घ्यायला सांगितलं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये तो आणखी स्पष्ट केला आहे. तिला वगळून केलेलं वीस वर्षांचं नियोजन वाटणीच्या पहिल्याच अर्जाला अडकतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी ती त्या घरातली आहे. ती म्हणाली, "मला आत्ता काही नको. पण राखीला बोलावून हक्कसोडावर सही घेऊ नका. काय करताय ते मला आधी सांगा." जमीन विकणं किंवा गहाण ठेवणं तिच्या होकाराशिवाय नाही, हे त्याच दिवशी कागदावर चढलं. तिच्या वाट्याचं नेमकं काय करायचं ते ठरलेलं नाही. त्यासाठी ते वकिलाकडे जाणार आहेत, आणि मीही तेच सुचवलं.

दूरदृष्टीचा आराखडा म्हणून लोक माझ्याकडे मोठं काहीतरी मागतात, ब्रँड, प्रक्रिया उद्योग, कृषी पर्यटन. ते सगळं होऊ शकतं. मोहाडीत सह्याद्री फार्म्सनं शेतकऱ्यांची कंपनी करून किती लांब जाता येतं ते याच जिल्ह्यात दाखवलंय. या घरातही थोरल्याला पुढं एखाद्या शेतकरी कंपनीत सभासद व्हायचंय. पण कुणाला काय मिळणार, कुणी काय ठरवायचं आणि कुणाला विचारल्याशिवाय काय करायचं नाही, हे तीन प्रश्न सुटल्यावरच ती चर्चा त्या घरात शांतपणे झाली.

तुमच्या घरात हे करायचं असेल तर वयांच्या कागदापासून सुरू करा. पीक कोणतंही असो. विहीर, शेततळं, गोठा, जे काही नवं उभारणार त्याचं आयुष्य किती, आणि ते संपताना घरात कोण असेल, तेवढंच आधी लिहा. उपाय त्या दिवशी शोधू नका.

ओढ्याकडची बाग तोडून झाली, खुंट लागले. वर्षातून एकदा, श्रावणात, सगळ्यांनी त्या कागदासमोर बसायचं ठरलंय. धाकट्यानं आपल्या नावापुढं वय लिहिलं, पण 'शेतीत काय करणार' हा रकाना कोरा ठेवला. नाना त्याला भरायला लावत होते. मी थांबवलं, आणि त्या रकान्यात त्यानं स्वतःच लिहिलं : 2030 ला सांगतो, तोवर जमीन विका म्हणणार नाही.