मंदीत मालक बोट विकण्याऐवजी बेवारस का सोडतात?
कारण मंदीत जुन्या बोटीला गिऱ्हाईक मिळत नाही आणि धक्क्याचे भाडे, विमा व डागडुजी यांचा खर्च तिच्या उरलेल्या किमतीच्या वर जातो. मोडीत काढणेही परवडत नाही. पोलादाला भंगारात भाव असतो, पण फायबरग्लासमधील काचतंतू आणि रेझिन (त्यांना घट्ट बांधणारे रसायन) वेगळे करणे अवघड असल्याने त्या सांगाड्याला भंगारवालाही हात लावत नाही. सोडलेल्या बोटीवरचा नोंदणी क्रमांक कित्येकदा खरवडलेला आढळतो, तो मालकाचा माग लागू नये आणि हा खर्च त्याच्यावर येऊ नये याचसाठी. अर्थात, एवढ्याने जबाबदारी सुटत नाही: २००७ च्या नैरोबी या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजांचे धोकादायक अवशेष हटवण्याचा खर्च नोंदणीकृत मालकाचाच असतो, मात्र त्यातील विम्याची सक्ती ३०० ग्रॉस टन (जहाजाच्या आतील एकूण जागेचे माप) व त्यावरील जहाजांपुरतीच असल्याने लहान बोटींचा भार बहुधा सरकारी तिजोरीवर येतो.