काडतुसे भरण्याचे मेज आणि शस्त्र कायदा

प्रश्न : मी बावीस वर्षे टेक्सासमध्ये नोकरी करून आता फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरी कायमचा परतलो आहे. वापरलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी), दारू आणि गोळी बसवून काडतूस पुन्हा भरण्याचा छंद मी तिकडे अनेक वर्षे जोपासला. त्याचे दाबयंत्र, साचे आणि तराजू मुलाकडे आहेत. ते मागवून घेऊन येथे पडवीत तसेच मेज मांडावे असे मनात आहे. वडिलांच्या पश्चात माझ्या नावे झालेला बारा बोअर बंदुकीचा परवाना माझ्याकडे आहे. मेजाची रचना कशी असावी?

उत्तर : मेज मांडू नये, आणि मुलाकडून सामानही मागवू नये. आपल्या अपेक्षेपेक्षा हे उत्तर फार वेगळे आहे याची मला जाणीव आहे, म्हणून त्याची कारणे सविस्तर देतो.

आपला परवाना हा बंदूक आणि तिची काडतुसे बाळगण्याचा आहे. काडतुसे तयार करण्याचा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, आणि तो नसताना केलेल्या कामाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितलेली आहे. अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट याच्याही आधी, व्याख्येच्या कलमात आहे. तेथे ‘दारूगोळा’ या शब्दात भरलेल्या काडतुसाबरोबर त्याचे सुटे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्रीसुद्धा धरलेली आहे. म्हणजे आपण एकही पुंगळी भरली नाही, तरी दाबयंत्र आणि साचे घरात असणे हाच प्रश्न उभा राहतो. परदेशातून असे सामान आणण्यासाठी कलम १० खाली आणखी वेगळा परवाना लागतो.

काही परिचित आपल्याला कलम ४५ मधील सवलत दाखवतील. जे किरकोळ सुटे भाग पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नाही, ते बाळगण्याला त्या कलमाने सूट दिली आहे हे खरे आहे. दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवलेल्या एखाद्या रिकाम्या पुंगळीच्या बाबतीत ही बाजू मांडता येईल; परंतु त्याच पुंगळ्या दाबयंत्राशेजारी डब्यात भरून ठेवलेल्या असतील, तर वापरण्याचा हेतू नव्हता असे कोणत्या तोंडाने सांगणार? आठवण म्हणून ठेवलेली पुंगळीही दाबोळीला किंवा मोपाला विमान पकडताना बॅगेत राहू देऊ नका.

छंदाच्या अंगानेही एक गोष्ट आपल्यासमोर ठेवतो. या कामात वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. पिस्तुलाच्या अनेक काडतुसांत धूरविरहित दारू चार-पाच ग्रेनच असते, त्यामुळे पुंगळीत बरीच जागा रिकामी राहते आणि चुकून दुसऱ्यांदा दारू पडली तरी ती वरून सहज दिसत नाही. माणसे ये-जा करतात, नातवंडे खेळतात आणि शेजारी हाक मारून आत येतात, अशी आपली पडवी इतक्या एकाग्रतेच्या कामाची जागा नव्हेच. बारा बोअरसाठी खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडे मिळतात. परवान्यावर नमूद केलेल्या मर्यादेत तीच घ्यावीत.

तरीही आपला छंद केवळ स्फोटक भरण्याचा नव्हता, असे आपल्या पत्रावरून मला वाटते. मोजणे, निवडणे, वहीत नोंद करणे आणि मग कागदावर परिणाम पाहणे, हा त्याचा गाभा आहे, आणि तो १० मीटर एअर रायफलमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रे सोडणाऱ्या रायफलीच्या नेमबाजीत, पूर्ण शाबूत राहतो. बोअर (नळीचा आतील व्यास) ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. या खेळात दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणून छर्ऱ्याच्या वजनातील बारीक फरकही जाणकार नेमबाज गांभीर्याने घेतात. मी स्वतः डब्यातील छर्रे एकेक करून तोलतो. तराजू पंख्याच्या वाऱ्यात असला की आकडा ठरतच नाही, त्यामुळे पंखा बंद करून, घाम पुसत, वजनाप्रमाणे त्यांचे वेगवेगळे ढीग लावत बसतो, आणि स्कर्ट, म्हणजे मागची पोकळ कड, चेपलेला छर्रा दिसला की बाजूला काढतो. आपले मेज या कामासाठी अवश्य मांडा. छर्रे शिशाचे असल्याने त्या मेजावर चहा-फराळ ठेवू नये आणि उठताच साबणाने हात धुवावेत. लक्ष्यामागे मात्र नुसती चिऱ्यांची भिंत पुरेशी नाही. छर्रा उलटून येतो, म्हणून छर्रे अडवणारी लोखंडी पेटी लावावी.

प्रश्न : सत्तरी तालुक्यात आमची काजूची बाग आहे. परवान्याच्या बंदुकीची काही काडतुसे दोन पावसाळे कपाटात राहिली. त्यांच्या पितळेवर हिरवा कळंक चढला आहे आणि कागदी कवच फुगले आहे. ती उघडून आतील दारू आणि छर्रे नव्या कवचात भरून घेऊ का?

उत्तर : नाही. वरील उत्तरातील कलम ५ आपल्यालाही तितकेच लागू आहे. फुगलेले काडतूस नळीत जोर लावून बसवू नये, उन्हात किंवा चुलीजवळ सुकवू नये, आणि विहिरीत टाकणे, पुरणे किंवा जाळणे यांपैकी काहीही करू नये. रानडुकरांसाठी ती हवी असतील, तर हेही ध्यानात घ्यावे की बंदुकीचा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची परवानगी नव्हे. ती वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावी लागते. काडतुसे मोजून त्यांची संख्या कागदावर लिहा. ती स्वतः उचलून नेण्याआधी आपल्या पोलीस ठाण्याला अर्जाने कळवा आणि ती कोठे व कशी जमा करायची ते विचारून घ्या. जमा केल्यावर संख्येसह लेखी पोच घ्या आणि ती परवान्याच्या पुस्तिकेबरोबर ठेवा. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी खरेदीच्या नोंदी आणि शिल्लक यांचा मेळ तिच्यावरूनच लागेल. नवी काडतुसे आणल्यावर घट्ट झाकणाच्या, कुलूप लागणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि आषाढ-श्रावणात त्या पुड्या आठवणीने बदला.