'शास्त्रोक्त उपासना' म्हणावं का?

जालन्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या चर्चमधल्या सभेसाठी 'शास्त्रोक्त उपासना' असा विषय ठरला. सांगायचं होतं ते एवढंच, की देवाची उपासना बायबलात सांगितल्याप्रमाणे व्हावी, त्यात पदरचं काही घालू नये. फलक रंगवणाऱ्याने मात्र विचारलं, "तुमच्यात पण भटजी लागतात का हो?" तेव्हापासून मंडळीत वाद आहे: शास्त्रोक्त, शास्त्रशुद्ध की वचनानुसार?

पेंटरचा कान तयार आहे. 'शास्त्रोक्त' म्हटलं की आपल्याला चौरंग, कलश आणि पळीपंचपात्र दिसतं, नाहीतर गाण्याची बैठक. 'शास्त्रशुद्ध' तर शेतीच्या शिबिरांनीच नेला. जालन्यात तो शब्द वाचून मोसंबीची छाटणी आठवेल, प्रार्थना नाही.

पण खरी गोम 'शास्त्र' या शब्दातच आहे. माझी आजी जेवून आलेल्या पाहुण्यालाही सोडायची नाही. "शास्त्रापुरता एक घास खा," म्हणायची. शास्त्रापुरतं म्हणजे नावाला, रीत मोडू नये म्हणून. आजची पोरं "शास्त्र असतं ते" म्हणून हसतात, त्याच्या मुळाशी हेच आहे. जो शब्द नियमाचं वजन सांगायचा, तोच आता नियमातून हलकेच सुटायला वापरतात. त्यामुळे 'शास्त्राप्रमाणे उपासना' असं लिहिलं तरी कुणाच्या तरी कानाला ते 'शास्त्रापुरती उपासना' असं ऐकू येणार. मंडळीला म्हणायचंय त्याच्या नेमकं उलट!

चर्चच्या आत या शब्दाचं वजन टिकून आहे. मराठी बायबलच्या मुखपृष्ठावर 'पवित्र शास्त्र' असतं. मोशेचं ते 'नियमशास्त्र', आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात 'शास्त्रलेख' येतो. शुभवर्तमानांतले, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या चार पुस्तकांतले, 'शास्त्री' म्हणजे या नियमशास्त्राचे जाणकार, आणि परूश्यांबरोबर, म्हणजे रीती काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांबरोबर, बहुतेक वेळा बोलणी खाणारेही तेच. मार्कच्या सातव्या अध्यायातलं भांडण तर थेट आपल्या विषयाचं आहे. शिष्यांनी हात न धुता भाकर खाल्ली म्हणून शास्त्री-परूशी हटकतात. येशू यशया संदेष्ट्याचा दाखला देऊन त्यांनाच सुनावतो, की माणसांनी केलेले नियम धर्म म्हणून शिकवता, तेव्हा तुमची उपासना फुकट आहे.

हा विषय जालन्याला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनचे. त्या परंपरेचा आधार म्हणजे १६४६ चा वेस्टमिन्स्टर मतांगीकार, म्हणजे आपण काय मानतो याचा लेखी मसुदा. त्याच्या एकविसाव्या प्रकरणाचा आशय असा, की शास्त्रात सांगितली नाही अशा कुठल्याही रीतीने देवाची उपासना करू नये. म्हणून स्कॉटलंडात ती मंडळी बराच काळ फक्त बायबलातली स्तोत्रं गात, आणि तीही वाद्यांवाचून. उलट जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या वाटेने गेलेले म्हणतात, शास्त्राने मना केलं नसेल तर चालतं. मग टाळ-मृदंगावरचं ख्रिस्ती भजन कुठल्या बाजूला बसवायचं? नारायण वामन टिळकांची भजनं गाणाऱ्याला हा प्रश्न पडत नसावा, आणि एकशेपन्नासाव्या स्तोत्रात झांजा आहेतच. असो, तो निवाडा माझा नव्हे.

आता 'वचनानुसार'. चर्चमध्ये 'वचन' म्हणजे बायबलमधला देवाचा शब्द, हे लहान लेकरालाही कळतं. बाहेरच्याला मात्र वचन म्हणजे दिलेला शब्द. 'वचनानुसार उपासना' वाचून त्याला वाटेल, यांनी कुणाला तरी कबूल केलं होतं बुवा. 'शास्त्राशी विश्वासू उपासना' असंही एकाने सुचवलंय म्हणे. ते नकोच. विश्वासू गडी असतो, उपासना नसते.

मला विचाराल तर 'धरून' घ्या. नियमाला धरून, रीतीला धरून हे आपण रोज बोलतो, आणि त्यात ना पोथीचा वास आहे ना शिबिराचा. सभा फक्त मंडळीची असेल तर 'वचनाला धरून उपासना' लिहा. फलक रस्त्यावर लागणार असेल तर 'पवित्र शास्त्राला धरून उपासना'. त्यातलं 'पवित्र' मात्र गाळू नका, जागा कमी पडली तर अक्षरं बारीक करायला सांगा.