कोबाल्ट-कार्बन कॅटलिस्ट वापरून वापरून सुधारतोय, हे खरं आहे का?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत: पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या तुमच्या कोबाल्ट-कार्बन पावडरीचं ओव्हरपोटेन्शियल (अभिक्रिया चालवायला लागणारा जास्तीचा व्होल्टेज) अर्धा मोलर सल्फ्युरिक आम्लात 1000 सायकलनंतर (म्हणजे व्होल्टेज तितक्यांदा वर-खाली फिरवल्यावर) 250 वरून 110 मिलिव्होल्टवर आलं, हे 'अ‍ॅक्टिव्हेशन' म्हणजे कॅटलिस्टचं स्वतःहून सुधारणं आहे का, आणि याच पावडरीवर ऑक्सिजनही काढता येईल का.

पहिल्याबद्दल आधी एक विचारतो, काउंटर इलेक्ट्रोड (सर्किट पूर्ण करणारा समोरचा इलेक्ट्रोड) प्लॅटिनमच्या तारेचा आहे ना? मग ही सुधारणा बहुधा कोबाल्टची नाही. हायड्रोजन निघत असतो तेव्हा तार अ‍ॅनोड असते आणि तिच्यावर ऑक्साइड चढतं. प्रवाह शून्याकडे आला की ते उतरतं. या चढउतारात प्लॅटिनम थोडं थोडं विरघळतं आणि सरळ तुमच्या कार्बनवर बसतं. पावडर ज्यावर बसवतात त्या 5 मिलिमीटरच्या डिस्कचं क्षेत्रफळ 0.196 चौरस सेंटिमीटर, त्यावर एक मायक्रोग्रॅम प्लॅटिनम बसलं तरी प्रवाह-व्होल्टेजचा आलेख बदलतो. रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा असेल तर झिरपणारं क्लोराइड हे विरघळणं आणखी वाढवतं. आम्लात मर्क्युरी सल्फेटचा घ्या. टाफेल उतार (प्रवाह दहापट करायला किती मिलिव्होल्ट जास्त लागतात तो आकडा) शंभराच्या आसपासून प्लॅटिनमच्या तिसाकडे घसरला असेल तर शंका पक्कीच समजा.

तार बदलून ग्राफाइटची कांडी लावा, तीही फ्रिटच्या (सच्छिद्र काचेच्या पडद्याच्या) पलीकडे, कारण अ‍ॅनोडवर तिचेही कण सुटतात. सेल शुद्ध पाण्यात तीन-चारदा उकळा. आम्ल ताजं, डिस्कवरची पावडरीची फिल्मही नवी: 5 मिलिग्रॅम पावडर, 750 मायक्रोलिटर पाणी, 250 मायक्रोलिटर आयसोप्रोपेनॉल, 5 टक्के नॅफिऑनचे (पावडर धरून ठेवणाऱ्या पॉलिमरचे) 30 मायक्रोलिटर, बर्फाच्या पाण्यात अर्धा तास सोनिकेशन, म्हणजे ध्वनिलहरींनी ढवळणं. यातले 10 मायक्रोलिटर डिस्कवर टाका आणि कडेला जाड कडं न येता वाळू द्या. मग तेच 1000 सायकल. सुधारणा गायब झाली तर उत्तर मिळालं: ती प्लॅटिनमचीच होती.

जुन्या फिल्मचं एक्सपीएस (पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं आहेत हे क्ष-किरणांनी पाहणं) करणार असाल तर जपून. प्लॅटिनमची शिखरं 71 ते 75 इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये येतात, आणि डिस्क पॉलिश करायला वापरलेल्या अ‍ॅल्युमिनाचं शिखर नेमकं 74 च्या आसपास. अ‍ॅल्युमिनियमचं 2एस शिखरही बघा, नाहीतर फसगत होते. मी तरी पावडर आम्लात विरघळवून आयसीपी-एमएसवरच (द्रावणातली धातूंची अगदी सूक्ष्म मात्रा मोजणाऱ्या यंत्रावरच) विश्वास ठेवेन.

ऑक्सिजनचं म्हणाल तर या कार्बनवर नको. कार्बनचं कार्बन डायऑक्साइड होणं 0.207 व्होल्टलाच शक्य असतं, फक्त ते संथ असतं म्हणून भागतं. दीड व्होल्टच्या पुढे, म्हणजे ऑक्सिजन निघतो तिथे, कोबाल्टचा आधार असलेला कार्बनच जळायला लागतो, आणि तुम्ही मोजता तो प्रवाह सगळा ऑक्सिजनचा राहत नाही. निकेल फोमवर निकेल-लोहाचं हायड्रॉक्साइड, एक मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, हा त्यापेक्षा चांगला रस्ता.