बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असताना दूध काढायला व्हीआर हेडसेटचा उपयोग होतो का?

तुमचं बाळ ३१ व्या आठवड्यात जन्मलं, पत्नीला पंपावर जेमतेम १०-१५ मिली दूध निघतं, आणि मित्र म्हणतो व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळे झाकून चारी बाजूंना चित्र दाखवणारा तो जाड चष्मा, लावून बघा. माझी मुलगीही ३१ व्या आठवड्यातलीच, सव्वा किलोची. मी हेडसेट लावून पाहिलाय, म्हणून लिहिते.

दूध तयार होणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. पान्हा हे ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं काम. भीती, दुखणं, जागरण यांनी ते अडतं. दूध आत असूनही उतरत नाही. हेडसेटचा उपयोग झालाच तर इथे होतो.

भाच्याने त्याचा गेमचा हेडसेट आणून दिला. आधी समुद्रकिनारा लावला, तर दोन मिनिटांत गरगरायला लागलं. खाली टाके, डोक्यावर ते ओझं! मग नवऱ्याने सिस्टरांना विचारून मुलीचा व्हिडिओ काढला आणि तो त्यात लावला. सव्वा किलोची पोर भिंतीएवढी झाली. पावलाला गुंडाळलेल्या पट्टीतला लाल दिवा, श्वासागणिक खालीवर होणारं पोट, सगळं डोळ्यांसमोर. पाचेक मिनिटांत पान्हा आला. पण डोळे झाकलेले, बाटली कधी कलंडली कळलंच नाही. २० मिली गाऊनवर. तेव्हा तेवढ्यात तिचे दोन फीड झाले असते. मी किती रडले ते सोडा.

दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ मोबाइलवर लावला, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून, आणि मुलीचं वापरलेलं टोपडं हातात घेतलं. दूध तितकंच आलं, सांडलं नाही. हेडसेटमध्ये वास नसतो हो! घरात पाहुण्यांची वर्दळ असेल तर मात्र त्याला तोड नाही, तो चढवला की "दूध आलं का गं?" विचारायला कोणी येत नाही.

खरा फरक पडला तो दिवसातून आठ वेळा, त्यातही रात्री एकदा, न चुकता पंप केल्याने. आणि कांगारूने, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरण्याने. मुलीला छातीशी धरून उठल्यावर लगेच पंप लावला की सगळ्यात जास्त दूध निघायचं. डॉक्टर हो म्हणाले की तेच मागा. पंपाचं फनेल (स्तनावर बसतं ते) मापाचं आहे का, हेही बघून घ्या. तोवर दूध कमी पडलं तर मिल्क बँकेबद्दल (तिथे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध मिळतं) विचारा; मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये ती १९८९ पासून आहे.

चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. बाळ अंगावर घ्यायची वेळ आली की हेडसेट अजिबात नको, तेव्हा बाळाचं तोंड दिसायला हवं. २०१४ मध्ये मेलबर्नला आयांना गूगल ग्लास (कॅमेरा असलेला चष्मा) देऊन एक प्रयोग झाला होता: आईला जे दिसतं ते दूर बसलेल्या स्तनपान समुपदेशक बाईंना दिसायचं. आमच्याकडे ते काम नवऱ्याने केलं, आमच्या समुपदेशक बाईंना व्हिडिओ कॉल लावून, माझ्या खांद्यामागून मोबाइल धरून. पलीकडून बाई म्हणाल्या, "हनुवटी आधी टेकू दे, तोंड मोठं उघडलं की मग जवळ घे. तू वाकू नकोस, बाळाला वर आण." तीन दिवस मुलीची स्तनावरची पकड चुकत होती ती अशी सापडली.

तर हेडसेट विकत घेऊ नका. कोणाचा मिळाला तर एकदा लावून बघा, पण बाटली तुम्ही धरा.