‘जोन्स’ वेल्श कसे?

प्रश्न असा आला आहे : ‘वेल्श लिपीत “जे” हे अक्षर पूर्वी नव्हतेच, असे वाचले. मग वेल्समधले सर्वाधिक आढळणारे आडनाव जोन्स कसे? आणि हे सगळे जोन्स एकाच कुळातले का?’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो. नाही. जोन्स हे कुळाचे नाव नाही, गावाचे नाही, धंद्याचेही नाही. त्याचा अर्थ फक्त ‘जॉनचा’. शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा वाटतो, पण तो इंग्रजीतला षष्ठीचा प्रत्यय आहे. विल्यम्स, रॉबर्ट्स, ह्यूज, एडवर्ड्स, डेव्हिस ही याच साच्यातली आडनावे. तेव्हा एका गल्लीतल्या चार जोन्सांना जोडणारी गोष्ट इतकीच, की प्रत्येकाच्या वंशात कधीतरी कोणीतरी जॉन होऊन गेला.

‘जे’बद्दल जे वाचलेत ते बरोबर आहे. वेल्श वर्णमालेत आज ते अक्षर आहे, पण जॅम, गॅरेज अशा उसन्या शब्दांपुरते. ‘जीव’मधल्या ज चा उच्चार जुन्या वेल्शमध्ये नव्हता. म्हणून इंग्रजी ‘जॉन’ वेल्श तोंडी ‘शोन’ झाला, आणि ‘जेन’ची ‘शान’. त्याआधी लॅटिन ‘योहान्नेस’वरून थेट आलेले रूप होते येइअन. त्याचीच पुढे इवान, ईवान अशी रूपे झाली. मराठी बायबलातला योहान तोच, आणि गोव्यात 24 जूनला विहिरींत उड्या मारत साजऱ्या होणाऱ्या सांजांवातला ‘जांव’ही तोच.

थोडक्यात, जोन्स हा शब्द घडणीने पूर्णपणे इंग्रजी आहे. इंग्लंडच्या दप्तरांतही तो 13व्या शतकापासून सापडतो. वेल्समध्ये तो रुजला कसा, हे समजण्यासाठी तिथली नाव सांगायची जुनी रीत पाहावी लागते.

त्या रीतीत आडनाव नव्हतेच. मुलाच्या नावापुढे ‘अप’ आणि मग बापाचे नाव, जमल्यास आजोबाचे, पणजोबाचेही. ‘अप’ म्हणजे ‘माब’ (मुलगा) या शब्दाचे झिजलेले रूप. पुढे स्वर आला की ‘अप’चे ‘अब’ होई. मुलीसाठी ‘वेर्ख’. आपल्याकडे मधले नाव बापाचे असते तसेच हे, फक्त शेवटचे आडनाव गाळून. अर्थात प्रत्येक पिढीत शेपूट बदलायचे. लांबलचक वंशावळ पाठ असणे ही तिथे हौस नव्हती. जमिनीचे वारसाहक्क आणि नातेसंबंध त्यावर ठरत, त्यामुळे कामाची गोष्ट होती.

आठव्या हेन्रीच्या काळात, 1536 आणि 1542-43च्या कायद्यांनी, वेल्स इंग्लंडच्या कायद्याखाली आले आणि कोर्टाची भाषा इंग्रजी झाली. ‘अप’ची माळ लिहिणे इंग्रज कारकुनाला जड जाई. मग दोन गोष्टी झाल्या. काही ठिकाणी ‘अप’चा ‘प’ किंवा ‘ब’ पुढच्या नावाला चिकटला : अप र्‍हीसचे प्राइस, अप हवेलचे पॉवेल, अप ह्यूचे प्यू, अप हॅरीचे पॅरी, अप रिचर्डचे प्रिचर्ड, अब ओवेनचे बोवेन, अब ईवानचे बेव्हन. इतर ठिकाणी ‘अप’ गळाला आणि बापाच्या नावाला इंग्रजी ‘स’ लागला. ‘अप शोन’ किंवा ‘अप येइअन’ असलेल्या माणसाचे नाव कागदावर अनेकदा ‘जोन्स’ उतरले. कारकुनाने ईवान ऐकून ईवानच लिहिले असेल तर तोच माणूस ‘एव्हन्स’ झाला. म्हणून जोन्स, एव्हन्स आणि बेव्हन या तिन्हींच्या मुळाशी नाव एकच.

हे एका झटक्यात झालेले नाही. जमीनदार घराण्यांनी 16व्या शतकातच आडनाव स्थिर केले. गरीब आणि दूरच्या खेड्यांत बापाचे नाव लावण्याची रीत 18व्या शतकात, काही भागांत 19व्या शतकातही, चालू होती.

एक घर जवळून पाहू. वेल्सच्या अँग्लसी बेटावरचा एक शेतकरी, नाव शोन शोर, म्हणजे ‘जॉन, जॉर्जचा’. त्याचा मुलगा 1675 साली जन्मला, तो विल्यम ‘शोनचा’, म्हणून विल्यम जोन्स. वर्तुळाच्या गुणोत्तरासाठी ‘पाय’ हे चिन्ह 1706 साली वापरणारा गणिती तो हाच. त्याचा मुलगाही विल्यम. हे कलकत्त्यात 1784 साली एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे, संस्कृतचे ग्रीक-लॅटिनशी नाते 1786च्या भाषणात मांडणारे सर विल्यम जोन्स. जुनी रीत चालू असती तर हे गृहस्थ ‘विल्यम अप विल्यम’, म्हणजे इंग्रजीत विल्यम्स, ठरले असते. बापाच्या पिढीत आडनाव गोठले, म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांत जोन्स आले. आजोबाकडे मात्र ते आडनाव नव्हते. कुळ वगैरे शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता संख्या इतकी का फुगली? आडनावे गोठण्याच्या काळात जुनी वेल्श नावे मागे पडली होती आणि जॉन, विल्यम, डेव्हिड, टॉमस अशी मोजकी नावे घरोघरी होती. बापांची नावेच कमी, म्हणून आडनावेही कमी. आज वेल्समध्ये शंभरात साधारण पाच-सहा लोक जोन्स असतात, आणि इंग्लंड-वेल्स मिळून स्मिथच्या खालोखाल जोन्सच येते. 3 नोव्हेंबर 2006 रोजी कार्डिफच्या मिलेनियम सेंटरमध्ये 1,224 जोन्स एकत्र जमले आणि एकाच आडनावाच्या मेळ्याचा विक्रम झाला.

इतक्या जोन्सांना ओळखायचे कसे, यावर लोकांनी तोडगे काढले. गावात धंदा जोडून ‘दूधवाला जोन्स’, ‘पाववाला जोन्स’. शेतकऱ्याला त्याच्या वाडीच्या नावाने. शिकलेल्यांत आईचे आडनाव पुढे लावून लॉइड-जोन्स, पॅरी-जोन्स. पलटणीत तर सरळ नंबर : 1879च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्यांत 24व्या पायदळाचे दोन जोन्स होते, 593 विल्यम आणि 716 रॉबर्ट. गंमत म्हणजे त्यांतला विल्यम जन्मला इंग्लंडच्या वुस्टरशरमध्ये. आडनाव जोन्स म्हणजे माणूस वेल्श, असे धरून चालू नये. उलटही खरे : वेल्समधल्या पॉन्टिप्रिडचा गायक टॉम जोन्स याचे जन्मनाव टॉमस वुडवर्ड, जोन्स हे त्याच्या आईचे माहेरचे आडनाव.

कोणाला वेल्श पूर्वज शोधायचे असतील, तर नुसते आडनाव घेऊन शोधणे व्यर्थ. एका पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकाच वयाचे तीन जॉन जोन्स सहज निघतात आणि चुकीचा उचलला की पुढची सगळी वंशावळ खोटी. 1 जुलै 1837पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंद आहे. जन्मनोंदींच्या ऑनलाइन सूचीत आईचे माहेरचे आडनाव मिळते, ते आधी जुळवावे. त्यामागे जाताना वाडीचे नाव धरावे, कारण माणसापेक्षा ते कमी बदलते. 1858पूर्वीची वेल्श मृत्युपत्रे वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. आणि 1750च्या आसपास बापाचे आडनाव मुलाहून वेगळे दिसले तर नोंद चुकली म्हणून सोडून देऊ नये. जोन्सचा बाप ‘जॉन टॉमस’ असेल तर बहुधा तोच खरा. बायकाही लग्नानंतर बऱ्याचदा माहेरचेच नाव लावत, तेव्हा कबरीच्या दगडावर नवराबायकोची आडनावे वेगळी असणे तिथे नेहमीचे.

लेखनाबद्दल : मराठीत ‘जोन्स’ रुळले आहे, तेच लिहावे. उच्चारात मात्र शेवटी ‘स’ नसतो, ‘झरा’तल्या झ च्या जवळचा ध्वनी असतो. ‘जॉन्स’ लिहू नये, कारण अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या नावातला जॉन्स वेगळा. तिथे ते एका माणसाचे पहिले नाव आहे.